मोठा लेथ घरी आणताना

कोणत्याही जुन्या घरात जाऊन पाहावे. पोळपाट, लाटणे, ताक घुसळण्याची रवी, बाजेचे पाय, पाळण्याचे खांब, मुलांचा भोवरा या साऱ्या वस्तू गोल आहेत, आणि त्या गोल आहेत याचा अर्थ कोणीतरी त्या फिरवून कातल्या आहेत. लाकूड फिरवून कातणाऱ्याला आपल्याकडे कातारी म्हणत. निजामी अमलातल्या उर्दूमुळे मराठवाड्यात त्याच्या यंत्राला खराद हेही नाव रूढ झाले. तेव्हा लेथ हे यंत्र फक्त कारखान्याचे, ही समजूत खरी नव्हे. लाकडाचा लेथ मुळात घरच्या ओसरीवरचाच होता. तो आता पुन्हा घरी येऊ पाहत आहे, पण मोठा होऊन आणि विजेवर चालून. तो आणावा की नाही, आणावा तर कसा, आणि आणल्यावर कोणत्या जबाबदाऱ्या अंगावर येतात, एवढाच विषय आम्ही येथे मांडणार आहोत.

आमचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. उभी हयात संघटनेच्या कामात गेली. परंतु त्याही आधी आम्ही दोरी ओढणारे होतो. नांदेडला इतवाऱ्यात आमचे आजोबा कातकाम करीत. दोन खुंटांमध्ये लाकूड अडकवायचे, त्याला दोरीचे वेढे द्यायचे, आणि समोर बसलेल्याने ती दोरी एकदा उजव्या व एकदा डाव्या हाताने ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. आजोबांची पटाशी फक्त पुढच्या फेऱ्याला लागे. मागच्या फेऱ्याला ती किंचित उचलावी लागे. म्हणजे ओढणाऱ्याचे निम्मे श्रम हवेत जात. लोक म्हणत, बाजेचे पाय कातारीबुवांनी केले. दोरी आजीने ओढली की नातवाने, हे कोणी विचारीत नसे. पुढे कामगार चळवळीत पडल्यावर आम्हाला जे कळले, त्याचा पहिला धडा आम्ही त्या ओसरीवर गिरवला होता. वस्तूवर एकाचे नाव असते, श्रम दोघांचे असतात.

या दोरीच्या लेथावर आपल्या लोकांनी कमी काम केलेले नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी आजही प्रसिद्ध आहेत. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड कातायचे, ते फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. कर्नाटकात चन्नपट्टणची आणि गुजरातेत संखेड्याची कारागिरी याच जातीची. रंगासाठी वेगळी भट्टी लागत नाही, कारण फिरते लाकूड हीच भट्टी. साध्या यंत्रातून इतके काढणारा कारागीर अडाणी होता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही.

यंत्रात पुढे दोन मोठे बदल झाले. पहिला, फिरणे एकाच दिशेने अखंड झाले. प्रथम पायाने फिरणाऱ्या जड चाकामुळे, मग वाफेमुळे आणि शेवटी विजेच्या मोटारीमुळे. दोरी ओढणारा सुटला. दुसरा बदल धातूच्या लेथात झाला. इंग्लंडात १८०० च्या सुमारास हेन्री मॉड्स्ले याने असा लेथ सिद्ध केला की, त्यात हत्यार माणसाच्या हातात न राहता यंत्राच्याच घट्ट पकडीत बसते आणि स्क्रूच्या आधाराने मापात सरकते. त्यामुळे एकसारखे स्क्रू निघू लागले, आणि एकसारखा स्क्रू निघाला म्हणून पुढची सारी यंत्रे निघाली. आपल्याकडे हरिहरला म्हैसूर किर्लोस्करांनी १९४१ पासून लेथ बांधले. पुढे राजकोट आणि बटाला ही गावे या धंद्यासाठी नावाजली.

हा दुसरा बदल लाकडाच्या लेथात झाला नाही, हे वाचकांनी मनात पक्के धरावे. लाकडाच्या लेथावर हत्यार अजूनही हातातच असते. त्याला टेकायला पुढे एक लोखंडी आडवी पट्टी असते, तिला टूल-रेस्ट म्हणतात. बाकी सारा ताबा मनगटाचा. म्हणून धातूचा उत्तम टर्नर लाकडाच्या लेथावर नवशिकाच असतो. दुर्दैव असे की, तो स्वतःला नवशिका समजत नाही.

आमचा पुतण्या असाच टर्नर. लातूरला आय.टी.आय. केली, पुण्याकडे एका कारखान्यात सात वर्षे कंत्राटावर काढली, आणि एके दिवशी कंत्राट संपले. कायम कामगाराला काढताना १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून ठरवला होता. पुतण्याच्या वाट्याला, कागद वर्षावर्षाला बदलल्यामुळे, त्यातले काहीच आले नाही. साठवलेले थोडे पैसे घेऊन तो लातूरला परतला आणि आम्हाला म्हणाला, "काका, आता दुसऱ्याच्या यंत्रावर उभं राहायचं नाही. मोठा लेथ घेतो, घरीच काम करतो."

आम्ही आधी नकारच दिला. हिशेबाची रक्कम यंत्रात घालून बसलेले आणि पुढे ते यंत्र भंगारात विकलेले सोबती आम्ही पाहिले आहेत. यंत्र विकणारा पुष्कळ भेटतो, वस्तू विकत घेणारा शोधावा लागतो. म्हणून आम्ही त्याला एकच प्रश्न केला, "मोठा कशाला? लाटणी आणि पोळपाट तर लहानावरही होतात." त्याने उत्तर दिले, "पखवाज."

उत्तर बरोबर होते. आमच्या भागात भजनी मंडळ नाही असे गाव विरळा, आणि पखवाजाशिवाय भजन उभे राहत नाही. पखवाजाचे खोड म्हणजे सुमारे दोन फूट लांबीचा, मध्ये फुगीर आणि आतून पोकळ असा लाकडाचा पिंप. शिसव, कडुनिंब, आंबा अशा लाकडाचा बारा इंच व्यासाचा आणि दोन फूट लांबीचा ओंडका पस्तीस-चाळीस किलो भरतो. तो लहान लेथावर चढवला तर लेथच नाचू लागतो. तेव्हा कोणती वस्तू करायची हे आधी ठरवावे आणि मग यंत्राचे माप ठरवावे. याच्या उलट जो जातो, तो कर्जात जातो.

आता यंत्र निवडताना काय पाहावे ते सांगतो.

पहिली गोष्ट मापे. दुकानदार दोन मापे सांगतो. बेडच्या वर केवढ्या व्यासाचे लाकूड फिरू शकेल ते एक, त्याला स्विंग म्हणतात. आणि दोन टोकांमध्ये किती लांबीचे लाकूड बसेल ते दुसरे. पुतण्याने चोवीस इंच आणि चार फूट ही मापे घेतली. पाळण्याचा खांबही त्यात बसतो.

दुसरी गोष्ट वजन. लाकडाच्या लेथात वजन हा दोष नसून गुण आहे. ओबडधोबड ओंडका फिरताना हिसके देतो. ते हिसके पचवण्याचे काम यंत्राच्या वजनाचे. मेजावर ठेवायचा लेथ चाळीस-पन्नास किलोंचा असतो, मोठा ओतीव लोखंडाचा लेथ अडीचशे किलोंच्या पुढे जातो. तो उतरवायला चार माणसे, दोन पहारी आणि लाकडाचे रूळ लागतात, आणि ओटा फुटू नये म्हणून फळ्याही टाकाव्या लागतात.

तिसरी गोष्ट जमीन. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत ही गोष्ट सापडणार नाही, कारण ती आमची आहे. लातूर-नांदेडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता कोबा करून लेथ ठेवला तर जून ते मे या वर्षभरात बेडला पीळ पडतो. मग दोन्ही टोकांचे बिंदू समोरासमोर येत नाहीत आणि भोक तिरके जाते. पुतण्याने लेथाच्या जागेपुरती काळी माती मुरूम लागेपर्यंत काढली, खड्डा मुरमाने ठोकून भरला, आणि त्यावर काँक्रीटचा जाड चौथरा घातला. तरीही दर ऋतूला पाणसळ लावून बेड तपासावा लागतोच. चौथऱ्याची उंची अशी ठेवावी की, फिरत्या लाकडाचा मध्य आपल्या कोपराच्या उंचीवर यावा. उंची चुकली तर कंबर जाते. यंत्राला दुसरे तेल घालता येते, कंबरेला घालता येत नाही.

चौथी गोष्ट वीज. मोठ्या लेथाला दोन अश्वशक्तीची मोटार पुरते. दोन अश्वशक्ती म्हणजे सुमारे दीड किलोवॅट, म्हणजे पूर्ण भारावर तासाला दीड युनिट. घरात बहुधा सिंगल फेज असते आणि चांगली मोटार थ्री फेजची. आता फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह मिळतो. तो सिंगल फेज घेतो, थ्री फेज देतो, आणि बटण फिरवून वेग कमी-जास्त करतो. मात्र असा ड्राइव्ह २३० व्होल्टचा थ्री फेज देतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारी ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या येतात. त्यांची जोडणी डेल्टामध्ये बदलून घ्यावी लागते, नाहीतर मोटारीला ताकद येत नाही. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि अर्थिंगचा खड्डा त्याच दिवशी घालावा. उद्यावर टाकलेले अर्थिंग आम्ही फार पाहिले आहे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेग. पुतण्याने पैसे वाचवावे म्हणून आरंभी ड्राइव्ह घेतला नाही. पुलीच्या पायऱ्यांवर पट्टा सरकवून वेग बदलायचा, अशी जुनी व्यवस्था ठेवली. "ड्राइव्ह पुढच्या वर्षी घे," हा सल्ला आमचाच होता. त्याने सहा महिने लाटणी केली. लाटणे दोन-अडीच इंचांचे. त्याला मिनिटाला दोन हजार फेरे दिले तरी बिघडत नाही. मग एका गावच्या भजनी मंडळाचा पखवाज आला. आषाढीच्या आत हवा होता. आम्ही त्या दिवशी लातूरला होतो, आणि "चल, आजच खोड गोल करून घेऊ" अशी घाई आम्हीच केली. ओंडका चढला. पट्टा मात्र आदल्या दिवशीच्या लाटण्याच्याच पायरीवर, मिनिटाला १४४० फेऱ्यांवर, राहिला होता.

हिशेब करून पाहा. बारा इंच व्यासाच्या ओंडक्याचा परीघ सुमारे ९६ सेंटिमीटर. मिनिटाला १४४० फेरे म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचा वेग ताशी ८० किलोमीटरांहून अधिक. हमरस्त्यावर धावणाऱ्या मोटारगाडीचा वेग आणि चाळीस किलोंचा, अजून गोलही न झालेला ओंडका. बटण दाबल्यावर दोन श्वासांत तो टोकांतून सुटला, टूल-रेस्टवर आदळला आणि पत्र्याच्या भिंतीला पोचा पाडून खाली पडला. टूल-रेस्टवर पुतण्याचा डावा हात होता. मनगट मोडले. डोके एक वीत बाजूला होते, म्हणून आज आम्ही हा लेख लिहीत आहोत.

नियम साधा आहे, आणि तो आम्ही त्या दिवसानंतर शिकलो. लाकडाचा व्यास इंचांत घ्यावा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे. गुणाकार सहा हजार ते नऊ हजार यांच्या आत असावा. बारा इंचाला पाचशे ते साडेसातशे फेरे, चोवीस इंचाला अडीचशे ते पावणेचारशे. ओंडका गोल नसेल तर आरंभ याच्याही निम्म्या वेगाने. बटण दाबण्यापूर्वी लाकूड हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहावे. चालू करताना लाकडाच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे. तोंडावर पारदर्शक ढाल, अंगात घट्ट बाह्यांचा सदरा. उपरणे, गळ्यातले, हातातले कडे आणि हातमोजे नकोत. हातमोजा रक्षण करतो हे इतरत्र खरे. फिरत्या यंत्राशी तो हातालाच आत ओढतो.

मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. येथे आमचा मुख्य मुद्दा येतो. हाच हात कारखान्यात मोडला असता तर १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याखाली उपचार आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग मिळण्याची वाट होती. १९२३ पासून अपघात भरपाईचा कायदाही होता. हे कायदे कोणी दान म्हणून दिलेले नाहीत. मोडलेल्या हातांची किंमत मोजून ते मिळवलेले आहेत. पण घरच्या कारखान्यात मालक कोण? पुतण्याच. कामगार कोण? तोही पुतण्याच. मग दावा कोणावर करायचा? कारखान्यांचा १९४८ चा कायदा वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असल्यावर लागू होई; २०२० च्या संहितेने ही मर्यादा वीसवर नेली. घरच्या लेथाच्या दारात निरीक्षक कधीच येणार नाही. वर्षाला वीस रुपयांची सरकारी अपघात विमा योजना आहे, ती प्रत्येकाने घ्यावीच. पण ती मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, सहा आठवड्यांच्या बुडालेल्या मजुरीसाठी नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत सुतार व खेळणी करणारे यांना अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्क्यांनी कर्ज आहे. त्याचा लाभ घ्यावा. पंधरा हजारांत चांगल्या पटाश्या आणि सहाण येते. मोडलेला हात त्यात बसत नाही.

"दुसऱ्याच्या यंत्रावर उभं राहायचं नाही," हे पुतण्याचे वाक्य आम्हाला आवडले होते. स्वतःच्या यंत्रावर उभे राहणे ही मोठीच गोष्ट आहे. परंतु स्वतःच्या यंत्रावर माणूस एकटा उभा असतो, हे त्या वाक्यात नव्हते, आणि ते त्याला सांगणे आमचे काम होते. आम्ही ते केले नाही.

उपाय मोठा नाही. लातुरात घरी यंत्र ठेवून काम करणारे सात जण आम्ही एकत्र बसवले. त्यांत एक सुतार, एक वेल्डर, दोन शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत. दरमहा प्रत्येकी शंभर रुपये पेटीत पडतात. कोणी जखमी झाला तर त्याच्या घरी आठवड्याला ठरलेली रक्कम जाते आणि त्याचे हाती घेतलेले काम दुसरा शक्य तितके पुरे करतो. शिवाय महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या यंत्रापाशी जाऊन ते पाहायचे. पट्ट्यावर जाळी आहे का? बंद करायचे बटण हाताशी आहे का? निरीक्षक येत नाही, तर आपणच एकमेकांचे निरीक्षक. पहिल्या महिन्यात शिवणकाम करणाऱ्या बाईंनीच पुतण्याला सुनावले, "दादा, माझ्या मशीनच्या चाकाला झाकण आहे, तुमच्या एवढ्या मोठ्या चाकाला नाही?" दुसऱ्या दिवशी जाळी बसली, आणि त्या महिन्याच्या पैशातून ड्राइव्हचा पहिला हप्ता गेला.

लाकडाविषयी थोडे सांगून आटोपतो. किनवटच्या जंगलाचा साग आमच्या जिल्ह्याचे भूषण आहे. पण शेताच्या बांधावरचा साग, आंबा किंवा चिंच असली तरी ती मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. ओले लाकूड आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात टोकांकडून तडकते, म्हणून तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावून ते सावलीत ठेवावे. जाडीच्या एका इंचाला एक वर्ष, हा सुकवण्याचा जुना अंदाज आहे. एवढा धीर नसेल तर ओले असतानाच ओबडधोबड कातून आतून पोकळ करावे, भिंत जाड ठेवावी, काही महिने सुकू द्यावे आणि मग पुन्हा चढवून मापात आणावे. भुसा श्वासात जाऊ देऊ नये. लाकडाच्या भुशाने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, असे कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे. नाकावर फडके पुरत नाही, चांगला मास्क हवा.

जुन्या घरांचे लाकूड सुकलेले असते आणि परवानगीचा प्रश्नही येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची गावेच्या गावे बसली. जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड माळवदांखाली हजारो माणसे गेली. आम्ही तेव्हा विशी-बाविशीत होतो आणि मदतीला गेलो होतो. ढिगाऱ्यांतून निघालेले सागाचे खांब आणि तुळया पुढे कितीतरी वर्षे लोकांच्या अंगणात पडून होत्या. असा एक खांब पुतण्याकडे आला. ज्यांच्या घराचा तो होता, त्यांनी त्याचे बाळंतिणीच्या खोलीतल्या पाळण्याचे खांब करून मागितले. पुतण्याने तो चढवण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवले. अकरा खिळे निघाले. जुने लाकूड घेणाऱ्याने हे विसरू नये. फिरत्या लाकडातला खिळा पटाशीची धार घालवतोच, वर डोळ्यावरही येतो.

पखवाज आषाढीनंतर पुरा झाला. मंडळाने उशीर सोसला आणि ठरलेले पैसे पूर्ण दिले. आता तो लेथ कमी-जास्त वेगाने रोज चालतो, आणि त्याच्या वरच्या भिंतीवर पुतण्याने रंगाने लिहिले आहे: आधी पट्टा पाहा, मग हाताने फिरवा, मग बाजूला व्हा. ज्यांना मोठा लेथ घरी आणायचा आहे, त्यांनी यंत्राच्या किमतीत तीन खर्च आधीच धरावेत: खालच्या चौथऱ्याचा, वेग आवरण्याच्या साधनाचा, आणि हात मोडला तर सहा आठवडे चूल पेटती ठेवण्याचा. पहिले दोन खर्च एकट्याने करता येतात. तिसऱ्यासाठी मात्र आपल्या गल्लीत आणखी कोण घरी यंत्रावर बसते, ते आजच विचारून यावे.